आठातून नऊ

झाडाच्या खोडावर पांढऱ्या रंगाने काढलेला नऊचा आकडा. रंग वाळलाय, कडांना पोपडे आलेत.

*

शिळा पाव, लसूण, कोथिंबीर, वरून उकळतं पाणी. अंडं रविवारी.

*

मुलग्यांना चौथीपर्यंत शिकणं सक्तीचं. मुलींना तिसरी पुरे. हे कुणा म्हाताऱ्याचं मत नव्हे, लिस्बनमध्ये छापलेला कायदा आहे.

*

परीक्षेच्या शाळेतला शिपाई शिंक येणार असं वाटलं की आधी टोपी काढायचा.

*

सालीच्या आतल्या बाजूला आमच्याकडे पोट म्हणतात. ते गुळगुळीत असतं. त्यावर कोळशाने लिहिता येतं, ओल्या फडक्याने पुसलं की पुन्हा लिहिता येतं. असं सहा-सात वेळा. मग पोट काळं पडतं आणि तो तुकडा चुलीत जातो.

*

तीनशे अठ्ठेचाळीस मेंढ्या.

*

आता नीट सांगते.

मी इडालिना. १९५८ साली मी अकरा वर्षांची होते. पोर्तुगालच्या दक्षिणेला, आलेंतेजूत, एका जमीनदाराच्या मळ्यावर आम्ही राहायचो. काम असेल तोवर घर. मळा म्हणजे गहू, ऑलिव्ह आणि मैलोन्‌मैल सोब्रेइरोची झाडं. बाटल्यांची बुचं होतात ती याच झाडाच्या सालीची. माझे बाबा, बेंतू, साल काढणाऱ्या टोळीत होते. कुऱ्हाडीचा घाव सालीत जायला हवा, पण आतल्या अंगाला लागता कामा नये. लागला तर झाड कायमचं दुखावतं. तीस माणसांत हे जमणारे आठ-दहा असतात. बाबा त्यांतले.

एकदा साल काढली की नऊ वर्षं त्या झाडाला हात लावायचा नाही. कुठलं झाड कधी काढलं हे विसरू नये म्हणून उघड्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात. एकच आकडा. १९४९ साली काढलं असेल तर नऊ. ते झाड १९५८ मध्ये पुन्हा काढायचं आणि त्यावर आठ लिहायचा.

मी बाबांच्या खांद्यावर बसून आकडे शिकले. शाळा नंतर आली. अकरा वर्षांची झाले तरी बाबा तसंच विचारायचे.

"इडा, कितीचं झाड?"

"दोनाचं."

"आठातून दोन?"

"सहा. अजून तीन वर्षं."

"आणि हे?"

"नवाचं. आठातून नऊ, नऊ. काढा."

बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. आमच्या टोळीत सगळ्यांनाच येत होते. आठातून नऊ गेले की नऊ राहतात, सातातून आठ गेले की नऊ राहतात, यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही.

*

मला चौथीची परीक्षा का द्यायची होती, ते एकदाच सांगते.

चौथीचा दाखला असला की पोस्टात, दुकानात, पुढच्या शाळेत, कुठेही अर्ज करता येतो. नसला की हिवाळ्यात ऑलिव्ह वेचायचे, वसंतात गहू निंदायचा, उन्हाळ्यात तोच कापायचा. तिन्ही कामं वाकून. आई तेव्हा चौतीस वर्षांची होती आणि सरळ उभी राहिली तरी वाकलेली दिसायची.

मला वाकायचं नव्हतं. बस.

*

मार्चमध्ये कारभारी झाकारियस घोडीवरून आमच्या दारात आला. खाली उतरला नाही. तो उतरायचा नाही.

"बेंतू, हिची तिसरी झाली ना?"

"झाली, कारभारी."

"मग निंदायला का दिसत नाही?"

"चौथीला बसतेय."

"कायद्याने तिसरी पुरे आहे."

"मला पुरे नाही," मी म्हणाले.

झाकारियसने माझ्याकडे पाहिलंच नाही. बाबांकडे बघून म्हणाला, "पोरीला जीभ चांगली आहे. कामाला किती आहे ते नोव्हेंबरात बघू."

तो गेल्यावर बाबा बराच वेळ कुऱ्हाडीला धार लावत बसले. मग म्हणाले, "एकदाच. जुलैत परीक्षा दे. पास झालीस तर पुढचं पुढे बघू. नाही झालीस तर नोव्हेंबरात ऑलिव्ह वेचायला. पुन्हा विषय काढायचा नाही."

"कबूल."

"रडायचं नाही."

"मी कधी रडले?"

बाबांचा जोडीदार गौदेंसियू शेजारच्या खोलीत राहायचा. एका झाडाला दोघं लागतात, आणि तो अठरा वर्षं बाबांच्या समोरच्या बाजूला होता. त्याने भिंतीपलीकडून ओरडून विचारलं, "बेंतू, पोरीला डॉक्टरीण करतोस की काय? मग आधी माझी पाठ तपास म्हणावं."

*

शाळा: एक खोली, चार इयत्ता, चाळीस मुलं, एक बाई. ओतीलियाबाई स्वतः चौथी पास होत्या, त्यापुढे नाही. पाटीवरचं उत्तर बरोबर असलं तर त्या पुढे सरकत. चुकलं तर पट्टी. "लक्ष कुठे असतं तुझं?" कुठे चुकलं हे बघायला त्यांना सवड नव्हती. मी जोरात वाचायचे, शुद्धलेखनात एखादीच चूक, भागाकार येत होता. वजाबाकी मात्र कधी बरोबर यायची, कधी नाही. मला वाटायचं, माझं लक्ष नाही. मी आणखी लक्ष द्यायचे. वजाबाकी तशीच कधी बरोबर यायची, कधी नाही.

*

प्रश्न १. एका मेंढपाळाकडे ३४८ मेंढ्या होत्या. त्याने १२९ विकल्या. किती उरल्या?

माझं उत्तर: २२९.

प्रश्न ३. एका भटारखान्यात ५७२ किलो पीठ होतं. ३३८ किलो वापरलं. किती उरलं?

माझं उत्तर: २४४.

*

परीक्षा तालुक्याच्या गावी होती, आमच्याकडून तीन तास चालत. लेखी पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर यादी लागली. यादीत नाव असेल त्यानेच तोंडी परीक्षेला आत जायचं. तेवीस नावं होती. मी ती तीनदा वाचली, शेवटच्या वेळी खालून वर.

ओतीलियाबाईंनी माझा हात धरला. "चल घरी. वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी…"

"माझ्याकडे पुढचं वर्ष नाही, बाई."

"अगं, पण आता इथे काय करणार?"

"बसणार."

व्हरांड्यात एक बाक होतं. त्यावर बसले. बाईंना दोन मुलग्यांना तोंडीला न्यायचं होतं, त्या गेल्या. शिपाई झाडू घेऊन आला.

"ऊठ. झाडायचंय."

"माझ्या कडेकडेने झाडा."

"नापास ना तू? मग बसलीस कशाला? यादी बदलेल म्हणून?"

"नाही."

"बाप काय करतो?"

"साल काढतो."

"तरीच," तो म्हणाला, "पोरीची एवढी जाड आहे." आणि माझ्या कडेकडेने झाडून गेला.

दुपारी प्रमुख परीक्षक जेवायला बाहेर निघाले. उंच, हडकुळे, त्या उकाड्यातही कोट. मी उभी राहिले.

"साहेब, मी इडालिना. तुमच्या यादीत नाही ती. माझं कुठे चुकलं?"

"निकाल लागलाय, मुली."

"निकाल नाही विचारला. चूक विचारली."

ते थांबले. असं कुणी विचारत नसावं. आत जाऊन माझा पेपर घेऊन आले आणि उभ्याउभ्याच बघू लागले.

"पाचांत दोन गणितं चुकलीत. दोन्ही वजाबाकीची. चार बरोबर लागतात." मग भुवया वर गेल्या. "दोन्ही दहानेच चुकलीत." ते बाकावर बसले. "आठातून नऊ किती?"

"नऊ."

"आठातून नऊ जातील कसे?"

"झाड नवाचं असेल तर जातात. या वर्षी आठ आहे. एकोणपन्नासला काढलेल्या झाडाची नवी साल या वर्षी नऊ वर्षांची होते."

"आणि दोनातून आठ?"

"चार. बासष्टपर्यंत चारच होतात, तेव्हा ते झाड काढायचं नाही."

त्यांनी चेष्टा केली नाही. खिशातून एका पत्राचं पाकीट काढून त्याच्या पाठीवर त्यांनी ३४८ आणि १२९ लिहिले.

"नऊ येतात, बरोबर. पण ते अठरातून गेलेत, आठातून नव्हे. आठाचे अठरा करायला तू एक घेतलास, तो परत द्यावा लागतो. हातचा एक. तो खालच्या दोनात मिळव. तीन झाले. आता चारातून तीन?"

"एक."

"दोनशे एकोणीस. तू तो हातचा ठेवलासच नाहीस."

"झाडावर एकच आकडा असतो," मी म्हणाले. "ठेवायचा कुठे?"

ते हसले. मी हसले नाही. एवढंच होतं. चार वर्षं पट्टी खाल्ली ती एवढ्यासाठी.

"आता मला येतं. आत्ताच्या आत्ता दहा गणितं घाला."

"येत असेल. पण निकालात फरक नाही."

"मग मी इथेच बसते."

"बसून काही होणार नाही. ऐक. ऑक्टोबरात दुसरी फेरी असते. वडिलांनी इथे समोर येऊन अर्ज द्यायचा. याच आठवड्यात. शनिवारनंतर घेत नाही."

"वडील झाडावर आहेत. पंधरा दिवस कुणाला सोडत नाहीत."

"ते मला बदलता येणार नाही," ते म्हणाले, आणि पाकीट मला देऊन जेवायला गेले.

*

पंधरा दिवस का: सगळ्यांत कडक उन्हात झाडाचा रस चढलेला असतो आणि साल आपोआप सुटते. तेवढ्या दिवसांत जितकी निघेल तितकी काढायची. नंतर ती खोडाला धरून बसते.

*

मला ज्या गोष्टी आठवत नाहीत: घरी कशी आले. बाई वाटेत काय बोलल्या. पायात काय होतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी टोळी झाडांच्या सावलीत जेवत होती. आई सालीचे तुकडे गोळा करण्याच्या कामावर होती, तीही तिथे होती. बाबांना रात्रीच कळलं होतं की मी नापास झाले. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"विषय काढायचा नाही असं ठरलंय," बाबा म्हणाले.

"नाही काढत. एक गणित घालते."

"मला?"

"तुम्हाला. आणि गौदेंसियूकाकांना. तीनशे अठ्ठेचाळीस मेंढ्या. एकशे एकोणतीस विकल्या."

"कुणी विकल्या?" गौदेंसियू म्हणाला. "एवढ्या मेंढ्यांचा मालक आपल्या ओळखीचा असता तर आपण इथे असतो का?"

"उरल्या किती ते सांगा."

बाबांनी सालीच्या पोटावर बोटाने रेघा ओढल्या. त्यांना बेरीज-वजाबाकी तशीच यायची, आकड्याखाली आकडा, बोटाने. "आठातून नऊ, नऊ. चारातून दोन, दोन. तिनातून एक, दोन. दोनशे एकोणतीस."

"दोनशे एकोणतीस," गौदेंसियूने मान हलवली. आणखी तिघांनी हलवली.

"आता विकलेल्या एकशे एकोणतीस त्यात परत घाला."

या वेळी मी कोळशाने लिहिलं. सगळे वाकून बघत होते. उत्तर आलं तीनशे अठ्ठावन्न.

"दहा मेंढ्या जास्त आल्या," मी म्हणाले. "कुठून आल्या?"

"व्यायल्या असतील," गौदेंसियू म्हणाला. माणसं हसली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी ते फडक्याने पुसलं आणि पुन्हा मांडायला लावलं. पुन्हा दहा जास्त. मग मी पाकिटावरचं दाखवलं, अठरा कसे होतात आणि हातचा कुठे जातो. तीस वर्षं झाडं मोजलेला माणूस एका पाकिटाकडे बघत होता.

"झाडाला हे लागत नाही," ते हळू म्हणाले.

"नाही लागत."

"तुला नऊ मी शिकवले."

"हो."

"त्यावर तुला नापास केलं."

"हो."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "मग एकदा परीक्षा झाली ती माझी झाली. तुझी अजून व्हायची आहे."

झाकारियस घोडीवरून येताना दिसला. टोळी उठायला लागली. बाबा बसूनच राहिले, तो जवळ आल्यावर उठले.

"कारभारी, उद्या मी येणार नाही. तालुक्याला काम आहे."

"पोरीचं?"

"माझं."

"बेंतू, साल सुटतेय. एक दिवस म्हणजे चाळीस झाडं. तू गेलास तर कायमचा, कुऱ्हाड घेऊनच जा."

"घेऊनच जाणार होतो," बाबा म्हणाले. "माझीच आहे."

झाकारियसने टोळीवर नजर फिरवली. कुणीतरी हसेल किंवा खाली बघेल असं त्याला वाटलं असावं. गौदेंसियू म्हणाला, "कारभारी, एका झाडाला दोघं लागतात. माझ्यासमोर उद्या कोण उभं राहणार, तुम्ही?"

कुणी हसलं नाही. घोडी वळली.

बाबांनी आईकडे पाहिलं. आई पाटीत तुकडे भरत होती, वर न बघता म्हणाली, "जा की. पहाटे निघा, ऊन लागणार नाही."

*

शिपायाने कुऱ्हाड दारातच ठेवायला लावली. बाबांनी टोपी काढून हातात घेतली आणि परीक्षकांच्या टेबलासमोर उभे राहिले. ते वाक्य त्यांनी वाटेत तीन तास घोकलं होतं. मला ऐकू येत होतं.

"साहेब, चूक हिची नाही. हिला मी शिकवलं. नापास करायचं तर मला करा."

"तुम्ही परीक्षेला बसला नव्हता."

"बसवलं नाही म्हणून," बाबा म्हणाले.

परीक्षकांनी दौत पुढे सरकवली. अर्ज मी लिहिला. त्यांनी दोनदा वाचला, दोन्ही वेळा चूक शोधत. मिळाली नाही. खाली बाबांचा अंगठा घेतला. अंगठ्याला सालीचा चीक होता, शाई नीट धरली नाही, म्हणून दोनदा उठवावा लागला. दुसरा ठसा पहिल्यापेक्षा मोठा आला.

बाहेर आल्यावर बाबांनी कुऱ्हाड उचलली. "त्याने बसायला सांगितलं नाही."

"खुर्ची होती."

"होती. मी बघितली."

*

जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत मी वजाबाक्या केल्या. मेंढ्या, पीठ, संत्री, विटा. उत्तर आलं की परत मिळवून बघायचे. बाबाही करायचे. आधी माझ्यामागून, मग माझ्या बरोबरीने. एकदा माझ्याआधी त्यांचं झालं तर त्यांनी ते दिवसभर कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नाही.

*

ऑक्टोबरात मी परीक्षेला मावशीच्या घरून गेले. लेखीत पाचांपैकी पाच. या वेळी यादीत सात नावं होती आणि त्यांत एक माझं.

तोंडीला तीन परीक्षक. भूगोल. त्या काळी देशातले सगळे लोहमार्ग स्टेशनांसकट पाठ करायला लावायचे. मी तोपर्यंत आगगाडी पाहिली नव्हती. उंच परीक्षकांनी दक्षिणेचा मार्ग विचारला. मी सुरू केलं.

"पुरे," नऊ-दहा स्टेशनं झाल्यावर मधले परीक्षक म्हणाले.

मी पुढचं स्टेशन म्हटलं.

"मुली, पुरे म्हटलं मी."

"अजून सहा आहेत," मी म्हणाले, आणि सहाच्या सहा म्हटली, न घाई करता, समुद्रापर्यंत. तिघंही थांबले. थांबावं लागलं.

"आता?" उंच परीक्षकांनी विचारलं.

"आता संपला मार्ग. दुसरा विचारा."

त्यांनी दुसरा विचारला नाही. कागदावर काहीतरी लिहून सही केली, मधल्याने केली, तिसऱ्याने केली.

संध्याकाळी दारावर लागलेला कागद मी एकदाच वाचला. मग आत गेले आणि पुढच्या शाळेच्या प्रवेशाचा अर्ज कुठे मिळतो ते विचारलं. कारकून म्हणाला, आज खिडकी बंद झाली, उद्या ये. मी म्हणाले, खिडकी बंद असेल, पण तुम्ही अजून इथेच आहात. त्याने अर्ज दिला. त्यात पत्त्याचा एक रकाना होता. तो मी सगळ्यांत शेवटी भरला.

मळ्यावरचं घर आम्हाला सप्टेंबरातच सोडावं लागलं होतं.